खाडीच्या तोंडाशी

देवबागच्या टोकाला कर्ली खाडी समुद्राला मिळते. एका बाजूला भोगव्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला वाळूची चिंचोळी पट्टी आणि दोहोंच्या मधून पाण्याची वाट. डिसेंबरातल्या एका सकाळी मी तिथे फायबरच्या छोट्या होडीत बसलो होतो. आभाळ स्वच्छ होते, वारा नावापुरता. मोबाइलवर त्या दिवसाचा अंदाज होता: लाटा मीटरभर, वारा हलका. एवढे सगळे ठीक असताना तांडेलाने इंजिन मंद केले आणि होडी तोंडाच्या अलीकडे उभी ठेवली. पाच मिनिटे झाली, दहा झाली. समोर वाळूच्या बुडीत बांधावर पाणी एकदम उभे राहत होते आणि पांढरे होऊन कोसळत होते. ओहोटी जोरात लागली होती. खाडीचे गढूळ पाणी आमच्या दोन्ही बाजूंनी सळसळत बाहेर धावत होते. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "वायच थांबा. अजून दोन मोठी येतली, मगे जावया."

दोन मोठ्या आल्या. तिसरी आली ती बांधावर नुसती फुगून सरकून गेली. त्याने इंजिन पूर्ण सोडले आणि पुढच्या मिनिटभरात आम्ही बाहेर होतो. बाहेरचा समुद्र अगदी अंदाजात सांगितला होता तसाच निघाला: मीटरभर लाटा, हलका वारा.

अंदाज चुकलेला नव्हता. तो मोकळ्या समुद्राचा होता, आणि आमचा धोका सगळा त्या शे-दीडशे मीटरांत होता. कोकणातल्या बोटवाल्यांना आज हवामानाची आणि भरती-ओहोटीची माहिती किती मिळते, कुठून मिळते आणि ती कुठे अपुरी पडते, हे पाहायचे तर त्या दीडशे मीटरांची जागा डोळ्यांपुढे ठेवावी लागते.

भरती-ओहोटीपासून सुरुवात करू, कारण समुद्राच्या सगळ्या गोष्टींत तीच एक वर्षभर आधी सांगता येते. आपल्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे, म्हणून वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. कोकणातल्या घरांत याचा हिशोब कॅलेंडरवरच होतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळेल. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पंचमीला पावणेचार. सकाळचेही तेच, संध्याकाळचेही तेच. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाणारे, डोल जाळी लावणारे, खाडीत शिंपल्या काढायला उतरणाऱ्या बाया, सगळ्यांचे गणित या एका पाढ्यावर चालते.

हा पाढा किती खरा, हेही पाहण्यासारखे आहे. पंधरा तिथींत भरती पूर्ण बारा तास सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. आपण धरतो ४५. ही तीन-तीन मिनिटे साठत जातात आणि पौर्णिमेला पाढा सव्वाअकरा सांगतो तेव्हा मुंबईत भरती बाराच्या आसपास असते. शिवाय भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे चढते, त्यामुळे गोव्यात ती मुंबईच्या आधी येते. आणि खाडीत जितके आत जावे तितकी ती उशिरा पोहोचते. किल्ला पाहायला जाणाऱ्याला एवढी चूक चालते. वाळूच्या बांधावरून बोट काढणाऱ्याला चालत नाही.

त्याच्यासाठी छापील कोष्टके आहेत. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी ती काढतो, आणि त्यांच्यामागे फार मोठी नोंद उभी आहे: मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जात आहे. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. मात्र कोष्टक वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. त्यातली उंची समुद्रतळापासूनची नसते. सागरी नकाशात जी नीचतम पातळी शून्य धरलेली असते तिच्यापासूनची असते. नकाशात दोन मीटर खोली असेल आणि कोष्टकात दीड मीटर भरती असेल, तर त्या जागी साडेतीन मीटर पाणी. दुसरी गोष्ट अशी, की कोष्टक फक्त चंद्र-सूर्याचे असते. वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेले पाणी आणि कमी दाबाने फुगलेला समुद्र त्यात येत नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढते. एरवी हे नगण्य, वादळात नाही.

भरतीच्या पाण्याचा फरक सगळ्या किनाऱ्यावर सारखा नसतो, हे घाटावरच्या माणसाला सहसा माहीत नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत मुरगावला भरती आणि ओहोटी यांत दीड-दोन मीटरांचा फरक पडतो, मुंबईत साडेतीन मीटरांच्या पुढे जातो, आणि खंभातच्या आखातात भावनगरला दहा मीटरांच्या आसपास पोहोचतो. मुंबईसमोर उथळ समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर पसरलेला आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. उथळ तळावरून येणारे पाणी चढते, आणि आखाताच्या नरसाळ्यात शिरल्यावर आणखी चढते. म्हणून वसई-उत्तनचा नाखवा आणि मालवणचा नाखवा यांच्या हाती समुद्र एकच असला तरी पाणी वेगळे असते. मुंबईकडची डोल जाळी तर भरती-ओहोटीच्या ओढीवरच चालतात: खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात प्रवाह मासळी आणून घालतो. उधाणाला ओढ असते, काम असते. अष्टमीच्या सुमारास भांग लागला की पाणी मंदावते, आणि डोलकर जाळी दुरुस्त करायला घेतो.

पाणी चढते-उतरते तेही एका चालीने नाही. मुंबईत ४.८ मीटरांची भरती १.२ वर उतरायची असेल तर सहा तासांत ३.६ मीटर जायचे. पहिल्या तासात जेमतेम ३० सेंटिमीटर जातात, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी ९०, पुढे पुन्हा ६० आणि ३०. म्हणजे अर्धे पाणी मधल्या दोन तासांत निघून जाते. खाडीतली ओढ सगळ्यांत जोरदार असते ती तेव्हाच. "अजून ओहोटी संपायला तीन तास आहेत" असे म्हणून निर्धास्त बसलेला माणूस याच तासांत गाळात रुततो.

वाऱ्याचे शास्त्र आपल्या लोकांना शीडाच्या काळापासून ठाऊक आहे. पावसाळा सरल्यावर रात्री जमीन थंड होते आणि पहाटे मतलई वारा समुद्राकडे वाहतो. दिवस चढला की खारा वारा उलटा सुरू होतो आणि दुपारी वायव्येकडून जोर धरतो. गलबते पहाटे मतलईवर निघायची आणि खाऱ्यावर परत यायची. इंजिन आले तरी हे वेळापत्रक निकामी झाले नाही. मार्च ते मे या महिन्यांत दुपारी तीननंतर किनाऱ्याजवळचा समुद्र सकाळच्यापेक्षा नेहमीच खरबरीत असतो, आणि पर्यटकांच्या बोटी नेमक्या जेवून-खाऊन दुपारी निघतात. मेचा शेवट तर आणखी बेभरवशाचा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तो याच दिवसांत. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत गेटवे-मांडवा आणि मालवण-सिंधुदुर्ग किल्ला यांसारख्या प्रवासी फेऱ्या बंद ठेवतात. पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची. माझ्या मते प्रवासी बोटींच्या बाबतीत मेचे शेवटचे दोन आठवडेही पावसाळ्यातच मोजावेत.

लाटांकडे येऊ. इथे गैरसमज सर्वांत जास्त आहेत, आणि अंदाज सर्वांत चांगले आहेत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था १९९९ मध्ये सुरू झाली. तिच्याकडून आज लाटांची उंची, दिशा, कालावधी, वारा आणि प्रवाह यांचे पुढच्या काही दिवसांचे अंदाज जिल्ह्याजिल्ह्यासाठी, स्थानिक भाषांतही मिळतात. रत्नागिरीसमोर लाटा मोजणारे तरंगते यंत्र आहे, त्यामुळे अंदाज ताडूनही पाहता येतो. काम खरोखर चांगले आहे. पण "लाटांची उंची २ मीटर" याचा अर्थ एकही लाट दोन मीटरांहून मोठी नसेल, असा बहुतेक जण करतात. तो चूक आहे. हा आकडा म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. त्याच दिवशी, त्याच पाण्यात, अधूनमधून चार मीटरांच्या जवळपासची लाट येऊ शकते. देवबागचा तांडेल मोजत होता तो त्याच लाटांना.

दुसरा आकडा कालावधीचा, आणि तो कोणीच पाहत नाही. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा पाच-सहा सेकंदांनी येतात. बोट आदळते, अंग भिजते, पण त्या दिसतात आणि कळतात. याउलट दक्षिण महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून चार-पाच दिवसांनी आपल्याकडे पोहोचतात तेव्हा पंधरा-सोळा सेकंदांच्या झालेल्या असतात. बोटवाल्यांच्या तोंडी आता त्यांना 'स्वेल' हा शब्द रुळला आहे. खोल पाण्यात त्या जाणवतही नाहीत. बोट हळूच वर जाते, हळूच खाली येते. उथळात आल्या की त्याच लाटा उभ्या राहतात. केरळात यालाच 'कल्लक्कडल', म्हणजे चोर समुद्र म्हणतात, आणि ते नाव अचूक आहे: वारा नाही, ढग नाही, आणि पाणी थेट अंगणात. हिवाळ्यात अरबस्तानावरून वाहणाऱ्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून अशाच स्वच्छ आभाळाखाली कोकणात येतात.

आता पुन्हा खाडीच्या तोंडाशी. लाट आत येते आहे आणि ओहोटीचे पाणी तिच्यासमोर बाहेर जाते आहे. समोरून पाणी आले की लाटेची लांबी आखडते आणि उंची वाढते. त्यात बांधावर पाणी आधीच कमी. बाहेर मीटरभर असलेली लाट इथे दीड-दोन मीटरांची होऊन उभीच्या उभी कोसळते. तीच लाट भरतीच्या वेळी बांधावरून मुकाट्याने आत येते. म्हणून उधाणाचे दिवस, ओहोटीचा उत्तरार्ध आणि लांब कालावधीची लाट ही तीन एका वेळी जुळून आली की बाणकोट असो, दाभोळ असो, जयगड असो वा कर्ली, छोट्या बोटीने तोंड ओलांडू नये. यातली प्रत्येक गोष्ट कुठेतरी प्रसिद्ध होते. उधाण पंचांगात, ओहोटी कोष्टकात, लाट इन्कॉइसच्या अंदाजात. तिन्हींची बेरीज मात्र कोणीही छापत नाही. ती तांडेलाने डोक्यात करायची. वाळूचा बांध तर दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो, आणि त्याची खबर फक्त रोज तिथून जाणाऱ्यालाच असते.

वादळातही भरतीची वेळ किती निर्णायक ठरते, याची दोन उदाहरणे फार जुनी नाहीत. 'निसर्ग' ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. त्या दिवशी द्वादशी होती. सकाळची भरती येऊन गेली होती आणि दुपारी वादळ आले तेव्हा पाणी उतरत होते. घरे, सुपारीच्या बागा, विजेचे खांब गेले. समुद्र मात्र जितका आत शिरू शकला असता तितका शिरला नाही. पुढच्या वर्षी १७ मे २०२१ ला 'तौक्ते' मुंबईसमोरून गुजरातकडे गेले, तेव्हा पंचमी होती. पाढ्याने पावणेचार, आणि भरती खरोखर तेव्हाच होती. वादळ किनाऱ्यापासून दूर होते, तरी कुलाब्याला वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला आणि गेटवेच्या कठड्यावरून लाटा रस्त्यावर आल्या. तेही पंचमीला, उधाण ओसरल्यावर. त्याच वादळात मुंबई हाय क्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगार गेले. त्या समुद्रात वादळ येणार हे कित्येक दिवस आधी सांगितले गेले होते.

अरबी समुद्र शांत, बंगालचा उपसागर वादळी, ही आपली जुनी समजूत आता सोडायला हवी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन कालखंडांची तुलना मांडली: अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, आणि ती टिकतात तो काळ ८० टक्क्यांनी. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे त्यांचे महिने. म्हणजे एक हंगामाच्या शेवटी आणि एक ऐन हंगामात.

इशारा कसा पोहोचतो? बंदरावर बावटा लागतो. एक नंबर म्हणजे दूर समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र. दोन म्हणजे वादळ झाले आहे, निघालेल्या जहाजांना गाठू शकते. तीन म्हणजे या बंदरावरच सोसाट्याचा वारा येण्याची शक्यता. पुढे वाढत दहापर्यंत, आणि अकरा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. वर्तमानपत्रात "तीन नंबरचा बावटा" असे छापून येते, पण त्याचा अर्थ बोटीत चढणाऱ्या शंभरांतल्या पाचांनाही सांगता येणार नाही. आणि बावटा बंदरात असतो. पाच दिवसांपूर्वी निघालेली बोट तो कशी पाहणार? नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' आले तेव्हा रत्नागिरीकडच्या बोटी बाहेरच होत्या. काही परत आल्याच नाहीत. २०१७ मध्ये 'ओखी'त सापडलेल्या केरळ-तमिळनाडूच्या साठाहून अधिक बोटी आणि नऊशेहून अधिक मच्छीमार भरकटत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागले. देवगडने त्यांना आसरा दिला, जेवू घातले. आपल्या किनाऱ्याने अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे. पण ती माणसे निघाली तेव्हा त्यांना वादळाची खबर नव्हती, हेही तितकेच खरे.

मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटर. त्यापुढे व्हीएचएफ रेडिओ, तोही मर्यादेतच. 'ओखी'च्या धड्यानंतर उपग्रहावरून इशारे थेट बोटीवर पाठवणारे 'जेमिनी' हे उपकरण २०१९ मध्ये आले. त्यावर संदेश येतो, उत्तर पाठवता येत नाही. दोन्ही बाजूंनी संदेश नेणारे ट्रान्सपॉन्डर आता बोटींवर बसू लागले आहेत. संकटात तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. हा एवढा आकडा प्रत्येक होडीच्या आत रंगाने लिहिलेला असावा.

१७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला निघाली होती. आषाढी अमावास्येच्या तोंडावरचे दिवस, भर पावसाळा, बोट माणसांनी खच्चून भरलेली. काश्याच्या खडकाजवळ ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मुंबईच्या बंदरापासून फार लांब नाही, काही मैलांवर. त्या काळी उपग्रह नव्हता, लाटांचा अंदाज नव्हता. पण तिथी ठाऊक होती, आषाढ ठाऊक होता, आणि बोटीत किती माणसे चढली हे धक्क्यावर उभ्या असलेल्या कोणालाही दिसत होते.

माहिती आज आहे. तिला खाडीच्या तोंडापर्यंत आणायचे काम राहिले आहे, आणि त्याला मोठा खर्च नाही. प्रत्येक बंदरावर, प्रत्येक तिकीटखिडकीशेजारी एक काळा फळा हवा. त्यावर रोज सकाळी खडूने पाच ओळी: आजची भरती आणि ओहोटी, त्यांची उंची, लाटांची उंची आणि कालावधी, दुपारनंतरचा वारा, बावटा आहे का, असल्यास त्याचा अर्थ, आणि शेवटची ओळ तिथल्या जुन्या तांडेलाने सांगितलेली, की आज तोंड कोणत्या वेळेत ओलांडायचे आणि कोणत्या वेळेत नाही. पहिल्या चार ओळी हैदराबाद आणि हवामान खात्याकडून येतील. पाचवी कोणत्याही संगणकातून येणार नाही, म्हणून मच्छीमार सोसायट्यांनी ती स्वतःकडे घ्यावी आणि मेरीटाइम बोर्डाने तिला मान द्यावा. बोट सोडायची की नाही हे त्या ओळीवर ठरले पाहिजे, तिकिटे किती खपली त्यावर नाही.

असा फळा लागेपर्यंत बोटीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाने आधी जाकीट घालावे आणि तांडेलाला दोन प्रश्न विचारावेत: ओहोटी किती वाजता आहे, आणि परत येताना तोंडावर पाणी किती असेल? तो "आज नको" म्हणाला तर पैसे परत घ्या, किनाऱ्यावर बसा आणि उद्याची तिथी पाहा.